तालुक्याच्या गणित प्रशिक्षणात सुलभक म्हणून उभी राहिले तेव्हा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर एकच गोष्ट शोधत होते. आपल्यासारख्या एखाद्या शिक्षिकेने सुलभक म्हणून, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणारी म्हणून, गणिताचं प्रशिक्षण दिल्याचा अनुभव कुठे लिहून ठेवलाय का? आदेश सापडले, पीपीटी सापडल्या, सत्रांची वेळापत्रकं सापडली. पण आपल्याहून वयाने आणि अनुभवाने मोठ्या चाळीस गणित शिक्षकांसमोर पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता उभं राहून नेमकं काय करायचं, हे काही सापडलं नाही. ज्यांच्या वाट्याला हे काम पुढे येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी नाशिक शहरातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. सतरा वर्षं झाली. वर्गात जिओजेब्रा हे भूमिती आणि आलेखांचं सॉफ्टवेअर अधूनमधून वापरायचे, तेवढंच. 23 जून 2025 ला, शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर संदेश आला की माध्यमिक गणित शिक्षकांसाठी अध्यापनात तंत्रज्ञान वापरण्याचं तालुकास्तरीय प्रशिक्षण होणार आहे, सुलभकांची नावं दोन दिवसांत कळवा. सरांनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. "मॅडम, तुमचं नाव टाकतोय," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं आणि तासाला निघून गेले. घरी गेल्यावर पोटात गोळा आला.

संमतीचा गुगल फॉर्म भरताना शालार्थ आयडी (पगाराच्या प्रणालीतला आपला क्रमांक), शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), रुजू दिनांक आणि पॅन लागलं. इथेच पहिली सूचना. हे चारही आकडे शाळेच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांकडून लेखी घ्या, आठवणीतून टाकू नका. माझ्या शालार्थ आयडीत एक अंक चुकला आणि त्याचा त्रास मला थेट जानेवारीपर्यंत पुरला. ते पुढे सांगते.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, 7 जुलैला, यादी आली. त्यात माझं नाव होतं. 21 ते 23 जुलै असे तीन दिवस आम्हा सुलभकांचं प्रशिक्षण शहरातच झालं. तिथे शिकायला मिळालं ते खरं आहे. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी 2006 साली मांडलेली टीपॅकची चौकट तिथेच पहिल्यांदा नीट समजली. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान ही तीन वेगवेगळी गाठोडी घेऊन चालत नाही, तिन्ही एकमेकांत मिसळतात तिथेच वर्गातलं काम होतं, असा त्याचा गाभा. बीएडला आशययुक्त अध्यापन शिकलो होतो, त्यात तिसरा धागा ओवल्यासारखं वाटलं.

पण तीन दिवसांपैकी बहुतेक वेळ आम्ही पडद्याकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर लॅपटॉप हातात आले. तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या येवल्याकडच्या मॅडमनी माऊस धरला. रेषाखंड काढताना बिंदू भलतीकडे पडला, तसा मागून मदतीला आलेल्या एका तरुण सरांनी माऊस स्वतःकडे घेतला, पाच सेकंदांत आकृती पूर्ण केली आणि "बघा, सोपं आहे" म्हणून पुढे गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना मदतच करायची होती. पण त्या मॅडमनी त्यानंतर माऊसला हात लावला नाही. चहाच्या वेळी मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हीच करा ताई, मी बघते."

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आपल्या तालुक्याला कुणाच्या हातातला माऊस काढून घ्यायचा नाही, हे मी तिथे वहीत लिहून ठेवलं. पुढच्या तीन दिवसांची आखणी करताना बाकी पुष्कळ बदललं, हे एक बदललं नाही.

तालुक्याच्या प्रशिक्षणाचं पत्र 12 ऑगस्टला आलं. तारखा होत्या 25, 26 आणि 27 ऑगस्ट. 27 तारखेला गणेश चतुर्थी! ग्रुपवर शंभर प्रश्न. आम्ही दोघे सुलभक, म्हणजे मी आणि सिन्नर फाट्याजवळच्या शाळेतले एक सर. आम्ही रीतसर लेखी विचारणा केली. उत्तर लगेच आलं नाही. तयारी तर करायचीच होती. शेवटी 4 सप्टेंबरला सुधारित पत्र हातात पडलं, तारखा 15 ते 17 सप्टेंबर, सोमवार ते बुधवार. या तीन आठवड्यांच्या टांगणीत मला एक फायदा झाला, तोही सांगते.

आधीच्या आराखड्यात मी तीन दिवसांत नऊ साधनं कोंबली होती. जिओजेब्रा, स्प्रेडशीट, दीक्षा ॲप, कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, ऑनलाईन चाचणी, व्हिडिओ बनवणं, असं बरंच काही. वेळ मिळाला म्हणून मी दहावीची दोन्ही पुस्तकं घेऊन बसले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात जागोजागी आयसीटी टूल्सच्या छोट्या चौकटी आहेत. दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या धड्यात तर जिओजेब्राच्या मदतीने आलेख काढून उकल अभ्यासा, असं स्पष्ट लिहिलंय. मी त्या चौकटी इतकी वर्षं ओलांडून पुढे जात होते. त्या रात्री ठरवलं की नऊ साधनं नकोत, दोनच घ्यायची. भूमितीला आणि आलेखांना जिओजेब्रा, सांख्यिकीला स्प्रेडशीट. दुसऱ्या सुलभक सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बरं झालं. मलाही नऊ झेपणार नव्हतीच."

11 सप्टेंबरला शाळा सुटल्यावर प्रशिक्षणाची जागा बघून आलो. ही चक्कर कुणीही टाळू नये. प्रोजेक्टर होता, चांगला होता, पण त्याला फक्त जुनी निळी व्हीजीए पिन होती आणि आमच्या दोघांच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. संगणक कक्षात अठरा संगणक, त्यातले अकरा चालू. प्लग पॉईंट भिंतीला दोनच. एमजी रोडवरून 380 रुपयांचा कन्व्हर्टर घेतला, 450 रुपयांत दोन एक्स्टेंशन बोर्ड घेतले. नोंदीच्या कागदांच्या झेरॉक्सचे 264 झाले. हे पैसे मागायचे कुठे, ते तेव्हा माहीत नव्हतं. पावत्या ठेवल्या, हे बरं केलं.

अकरा संगणकांवर चाळीस माणसं बसत नाहीत. म्हणून जिओजेब्राच्या अँड्रॉइड ॲपवरच भर द्यायचं ठरलं. हे सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना बनवायला घेतलं. जॉमेट्री आणि अल्जेब्रा मिळून ते नाव. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे वर्गात वापरायला ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. रविवारी ग्रुपवर संदेश टाकला की येताना ॲप घरूनच, वायफायवर, उतरवून आणा. निम्म्यांनीही आणलं नव्हतं, पण ज्यांनी आणलं त्यांच्या फोनवरून बाकीच्यांना पाठवता आलं.

सोमवारी सकाळी बारीक पाऊस होता. यादीत 48 नावं, हजर 42. गिरणारे, मखमलाबाद, भगूर, पळसे, लहवित, सय्यद पिंपरी, शिवाय शहरातल्या शाळा. पहिला सव्वा तास नोंदणीत गेला. हजेरीपत्रकावर सकाळ-संध्याकाळ दोन सह्या, शिवाय लिंकवर हजेरी, शिवाय जिओटॅग फोटो. लिंक उघडेना. शिक्षक आधीच वैतागलेले. 1 सप्टेंबरला टीईटीबाबत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबाबत, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. सहावी ते आठवीचेही तास घेणारे बरेच जण काळजीत होते, आणि चहाच्या रांगेत गणिताचं नाव कुणी काढत नव्हतं. "मॅडम, हे प्रशिक्षण त्यात धरतील का?" असं तिघांनी विचारलं. नवीन राष्ट्रीय धोरणात वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे, हे तास त्यात नोंदवता येतील की नाही हे मी लेखी विचारून सांगते, असं म्हटलं. टीईटीचं त्याच्याशी काही नातं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. खोटा दिलासा दिला असता तर पुढचे तीन दिवस कुणी माझं ऐकलं नसतं.

पूर्वचाचणी झाल्यावर मी प्रोजेक्टर बंद ठेवला आणि म्हटलं, "बाहेर लावलेल्या तुमच्या गाडीचा नंबर आठवा. एमएच 15 नंतरची अक्षरं सोडा, शेवटचे चार अंक घ्या." अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा हा खेळ. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं. त्यांनी तो 1949 मध्ये जगासमोर ठेवला. आपल्याच तालुक्यातला, आपल्यासारखाच शाळेत खडू धरणारा माणूस! पुष्कळांना नाव माहीत होतं, आकडेमोड मात्र बऱ्याच वर्षांत कुणी केली नव्हती. एका सरांचा नंबर 3524. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8352, मग 6174. तिसऱ्या पायरीलाच मिळालं म्हणून ते खूश.

आणि भगूरच्या बाईंनी हात वर केला. त्यांची स्कूटर 2111. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 2111 वजा 1112 केलं तर 999 आलं. पुढे 999 वजा 999, शून्य. "माझं 6174 येतच नाही."

हे मी ठरवून आणलेलं नव्हतं. खोलीत शांतता झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, शून्य खाल्लं त्यानं." कॅल्क्युलेटर 0999 दाखवत नाही, 999 दाखवतो. आपण चार अंकांचा खेळ खेळतोय हे त्याला ठाऊक नाही. शून्य परत ठेवलं, 9990 वजा 0999 म्हणजे 8991, मग 8082, 8532, 6174. बाईंनी स्वतः फळ्यावर करून दाखवलं. मला जे अर्धा तास समजावून सांगायचं होतं ते त्यांच्या स्कूटरने दोन मिनिटांत सांगितलं. यंत्र उत्तर देतं, पण त्या उत्तरात काय गळालं ते गणिताच्या शिक्षकालाच दिसतं. त्यानंतर प्रशिक्षण संपेपर्यंत कुठेही काही अडलं की कुणीतरी म्हणायचं, "शून्य शोधा."

दुपारी जिओजेब्रा. जोड्या मी वयाने लावल्या होत्या, एक पंचविशी-तिशीतला, एक पन्नाशीतला. नियम एकच. फोन किंवा माऊस ज्येष्ठाच्या हातात, तरुणाने फक्त तोंडाने सांगायचं, बोट लावायचं नाही. तरुणांना हे फार जड गेलं. मी स्वतः फिरताना हात पाठीमागे बांधून फिरत होते, इतकी सवय असते आपल्याला पटकन करून देण्याची.

दुसऱ्या दिवसाचा एक प्रसंग मला सविस्तर लिहायचा आहे.

प्रशिक्षणात एक ज्येष्ठ सर होते, येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. फळ्यावर खडूने एका झटक्यात वर्तुळ काढण्याबद्दल त्यांची ख्याती. मी स्वतः पाहिलं, चहाच्या सुट्टीत तरुण सरांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी काढून दाखवलं. सुरुवात आणि शेवट कुठे जुळला ते शोधूनही सापडेना. पहिला दिवसभर ते शांत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काम दिलं ते असं, "एक चौरस काढा." कसा ते सांगितलं नाही.

सरांनी ग्रीडवर बरोबर चार-चार घरं मोजून चार बिंदू टाकले आणि पॉलिगॉनने जोडले. बाजू 4, 4, 4, 4. चारही कोन 90 अंश. "झाला, मॅडम."

"सर, आता एक कोपरा बोटाने धरून ओढा."

त्यांनी ओढला. चौरस वाकला. एक बाजू 5.39 झाली, कोन पसरला, काहीतरी तिरपा चौकोन उरला. सरांनी पुन्हा जागेवर आणला, पुन्हा ओढला. चष्मा काढून पुसला. त्यांच्या जोडीतल्या तरुण मुलाच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसत होतं. रेग्युलर पॉलिगॉन नावाचं तयार साधन आहे, एका टिचकीत चौरस होतो. मी मानेनेच त्याला थांब म्हटलं.

मिनिटभर सर काही बोलले नाहीत. मग स्वतःशीच म्हणाले, "हा चौरस दिसतोय. मी चौरस केलेला नाही."

त्यांनी सगळं पुसलं. एक रेषाखंड घेतला. दोन्ही टोकांना लंब. मग एका टोकाला केंद्र धरून दुसऱ्यातून जाणारं वर्तुळ, ते लंबाला छेदतं तो तिसरा कोपरा. दुसऱ्या टोकावरून तसंच. पट्टी आणि कंपासने मुलांकडून गेली तीस वर्षं जे करून घेतलं तेच. बिंदू ओढला. चौरस मोठा झाला, लहान झाला, गरगर फिरला, पण चौरसच राहिला. त्यांनी तो बराच वेळ फिरवला. शेजारच्या जोड्या उठून बघायला आल्या.

"आम्ही रचना का शिकवतो, ते मुलं विचारायची," ते म्हणाले, "मी सांगायचो, बोर्डाला विचारतात म्हणून."

चित्र काढणं आणि रचना करणं यातला फरक मी माझ्या टिपणात तीन ओळींत लिहून आणला होता. तो कागद मी तसाच फाईलमध्ये ठेवला.

त्याच दिवशी 11 वाजून 40 मिनिटांनी लाईट गेली ती सव्वा वाजता आली. प्रोजेक्टर बंद, संगणक बंद. फोनवर नेटशिवाय चालणारं ॲप असल्यामुळे काम थांबलं नाही. तुम्हीही आखणी करताना प्रत्येक सत्राला लाईटशिवायचा पर्याय लिहून ठेवा. कुठे छापील आकृती, कुठे फोन, कुठे नुसता फळा.

अंतर्लिखित कोनाच्या सत्राबद्दल एक खास सूचना. एकाच कंसात अंतर्लिखित केलेले कोन समान, हे दाखवायला वर्तुळावरचा बिंदू ओढतात. एकाच बाजूला कोन 50 चा 50 राहतो, सगळे माना डोलावतात. तोच बिंदू जीवेच्या दुसऱ्या बाजूला गेला की पडद्यावर अपेक्षा असते 130 ची, आणि येतात 230. कारण जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जातं. आमच्याकडे ऐन वेळी गोंधळ झाला. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन मर्यादा 0 ते 180 अशी करून ठेवायची, मग चक्रीय चौकोनाचं प्रमेय तिथल्या तिथे दिसतं. तसंच त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज कधी 179.99 येते. 58.33, 61.33 आणि 60.33 मिळवून बघा. दोन दशांश स्थळांपर्यंतचं पूर्णांकन आहे ते. पळशाच्या सरांनी हे पकडलं आणि म्हणाले, मी हे मुलांपासून लपवणार नाही, पूर्णांकनाचाच तास इथे घेईन. मला ते फार पटलं.

स्प्रेडशीटचं सत्र तसं सरळ गेलं. स्वतःच्या वर्गाचे घटक चाचणीचे गुण आणायला सांगितले होते. मध्य, मध्यक, बहुलक सूत्रांनी काढले, एका मुलाचे गुण 4 वरून 40 करून मध्य हलतो आणि मध्यक फारसा हलत नाही हे पाहिलं. वर्गीकृत सारणीची गृहीतमध्य पद्धत मात्र हातानेच करून घ्या, मग पडताळ्याला सूत्र वापरा. पेपरात पायऱ्यांना गुण असतात, 40 गुणांच्या पेपरात तिथे मुलं नुकसान करून घेतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे जवळपास बोललो नाही. प्रत्येक जोडीने येत्या सोमवारी आपल्या वर्गात घ्यायच्या तासाचं टाचण लिहिलं आणि दहा मिनिटं घेऊन दाखवलं. अट अशी की साधन जास्तीत जास्त बारा मिनिटं, बाकी फळा-खडू-वही. संगणक नसलेल्या शाळेसाठी शिक्षकाचा एक फोन आणि बेंचवर फिरता गट, एवढ्यावर भागलं पाहिजे. लहवितच्या मॅडमनी रेषेच्या समीकरणातला चढ बदलायला स्लायडर घेतला आणि शाळेसमोरच्या चढाच्या रस्त्याशी जोडला. वेळ अपुरा पडला. एकवीस जोड्यांतल्या पाच जोड्यांना संधी देता आली नाही, ही माझी आखणीतली चूक. दोन खोल्यांत समांतर बसवायला हवं होतं.

येवल्याकडच्या त्या मॅडमना मी संध्याकाळी फोन केला. चौरसाची गोष्ट सांगितली आणि ॲप फोनवर घ्यायला लावलं. दोन दिवसांनी त्यांचा फोटो आला. कोपऱ्यात लिहिलं होतं, माझा मी काढला.

आता कागदपत्रं. प्रशिक्षण संपल्या दिवशीच हजेरी प्रमाणपत्र सहीशिक्क्यानिशी हातात घ्या, ते शाळेत आवक क्रमांक टाकून जमा करा आणि पोच घ्या. आमच्यातल्या चौघांचे तीन दिवस कर्तव्यकाळ धरायला नंतर अडचण आली, कारण त्यांच्याकडे फक्त लिंकवरच्या हजेरीचा स्क्रीनशॉट होता. सुलभकांना अहवाल, फोटो, पूर्व-उत्तर चाचणीचा गोषवारा, खर्चाचं विवरण आणि मानधनाचं प्रपत्र द्यावं लागलं, सोबत पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेश. मी ते 22 सप्टेंबरला दिलं. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. 18 नोव्हेंबरला कळलं की शालार्थ आयडी जुळत नाही म्हणून माझं नाव बाजूला ठेवलंय. जूनमध्ये फॉर्म भरताना चुकलेला तो एक अंक. दुरुस्तीचा अर्ज, मुख्याध्यापकांचं पत्र, दोन चकरा. मानधन 19 जानेवारीला जमा झालं. कन्व्हर्टर आणि बोर्डांचे पैसे विवरणात बसत नव्हते, ते मिळाले नाहीत. बोर्ड आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वापरात आहेत. 50 तासांबाबतच्या माझ्या विचारणेला लेखी उत्तर आलं नाही, तेव्हा ते मी ग्रुपवर तसंच कळवलं.

या सगळ्यात ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती ते म्हणजे नंतर काय. प्रशिक्षण संपतं आणि ॲप फोनमध्ये तसंच पडून राहतं, हे मी माझ्याबाबतीतच पाहिलं आहे. म्हणून ग्रुपवर दर शनिवारी फक्त एक प्रश्न टाकायचा ठरवलं, या आठवड्यात कुठे अडलं? केलेल्या तासाचे फोटो नकोत, अडलेलं सांगा. सुरुवातीला दोघेतिघेच लिहायचे. नोव्हेंबरपासून दहा-बारा जण लिहितात.

24 नोव्हेंबरला गिरणाऱ्याकडच्या एका मॅडमचा दुपारी वर्गातूनच फोन आला. दहावीला वर्तुळ चाललं होतं, एकच फोन बेंचवरून फिरत होता. एक मुलगी बिंदू सी वर्तुळावरून सरकवत सरकवत थेट जीवेच्या टोकावरच्या ए बिंदूवर घेऊन गेली आणि कोनाच्या जागी प्रश्नचिन्ह आलं. ती विचारत होती, कोन गेला कुठे? मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं, थांब, विचारून सांगते. काय सांगू?"

मी शिक्षकखोलीच्या दारात उभी होते. मलाही लगेच सुचलं नाही. मग म्हटलं, "तिला सांगा, ए वर नेऊ नकोस. अगदी जवळ ने, अजून जवळ, आणि सी-ए ही रेषा दोन्हीकडे वाढवून ती कशी वळते ते बघ."

फोन चालूच होता. वर्गाचा आवाज येत होता. थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "मॅडम, ती म्हणते रेषा वर्तुळाला नुसती चिकटून राहतेय. आणि कोन अजून पन्नासच आहे."

"स्पर्शिका झाली ती," मी म्हटलं. "स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय. पुढे आहेच तुमच्या."

"उद्याच्या तासाला आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवण्याआधी मला वर्गाकडे वळून म्हणताना ऐकू आलं, "मुलांनो, पुस्तक मिटा. उद्याचं आजच बघू."